माझ्या मापाची सीट

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मोटरसायकलचं लायसन्स काढलं. का काढलं, असं जो विचारेल त्याला मी एकच उत्तर देते: मला आवडतं म्हणून. लोकांना तेवढं पुरत नाही. बाईने या वयात मोटरसायकल घेतली म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, नाहीतर डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय, असा त्यांचा समज असतो. आमच्या अबुधाबीतल्या मराठी मंडळात तर एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, "ब्रेक जरा घट्ट आहेत, बाकी उत्तम."

गाडी सेकंडहँड घेतली, देश सोडून निघालेल्या एका गोवेकर माणसाकडून. निळी, जड आणि माझ्यासाठी उंच. माझी उंची चार फूट अकरा. मी पाच सांगते, पण ती चप्पल धरून. गाडीवर बसल्यावर माझ्या दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला लागायचे. एका बाजूला झुकले तर एक पाय टेकायचा, आणि तेवढ्यावर मी दोन महिने खलिफा सिटीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या.

माझा नवरा सेफ्टी ऑफिसर आहे. बांधकामाच्या साइटवर कोणी हेल्मेटशिवाय दिसला की त्याला गेटबाहेर काढणं, हे त्याचं काम. घरीही तो स्टुलावर चढू देत नाही. गाडी आली त्या दिवशी त्याने मला तिच्यावर बसवलं, खाली वाकून माझे पाय पाहिले आणि म्हणाला, "तुझ्या टाचा टेकत नाहीयेत. दॅट्स अ हॅझर्ड." मी म्हटलं, "माझ्या टाचा लग्नातही टेकत नव्हत्या, पाटावर उभी होते." तो हसला नाही.

मग ऑक्टोबरात मी पडले. पेट्रोल पंपावर, रांगेत उभी असताना. तिथे जमीन जरा उतरती होती आणि मी नेमका उताराच्या बाजूचा पाय खाली टाकला. पायाला जमीन लागलीच नाही. गाडी सावकाश आडवी झाली आणि तिच्याबरोबर मीही. लागलं फक्त कोपराला, पण पंपावरच्या सगळ्या गाड्यांच्या काचा खाली आल्या. खाण्याच्या ऑर्डरी पोचवणारे चार रायडर धावत आले, दोघांनी मला उठवलं, दोघांनी गाडी. त्यातला एक जण सीटवर हात आपटून म्हणाला, "मॅडम, सीट कटवा लो. हम सबने कटवाया है." मुसफ्फातल्या एका उस्तादाचं दुकान कुठे आहे, तेही त्याने सांगितलं.

घरी नवऱ्याने कोपराला औषध लावलं आणि लावता लावताच निकाल दिला. "पंधरा दिवस. पंधरा दिवसांत दोन्ही टाचा फ्लॅट टेकल्या पाहिजेत. नाहीतर गाडी विकायची. आय अ‍ॅम सीरियस."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं, याचा मला अजून राग येतो. तेव्हा मात्र डोक्यात एकच होतं, की गाडी जाता कामा नये.

दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मुसफ्फाला गेले. गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं आणि कामगारांच्या बसगाड्या यांच्या मधल्या गल्लीत उस्तादाचा गाळा होता. मेंदीने लाल केलेली दाढी, कानावर खडूचा तुकडा, मांडीवर कुणाच्या तरी ट्रकची सीट. मी काम सांगितलं. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, तिथे कोणीच नव्हतं.

"बाजी, साहब को साथ लाओ," ते म्हणाले; बाजी म्हणजे ताई. "साहब बोलेंगे, उतना काट दूँगा. कल आप गिर गईं तो साहब मुझे पकड़ेंगे."

"गाडी मैं चलाती हूँ," मी म्हटलं. "साहब तो पीछे भी नहीं बैठते."

"इन्शाल्ला साहब आएँगे, तब बात करेंगे."

मी तिथून निघाले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. दोन दुकानं सोडून फोम विकणारा होता, त्याच्याकडून एक इंच जाडीचा दाबलेला कडक फोम घेतला. सीटचा मऊ फोम कापून कमी करायचा आणि वर हा कडक थर चिकटवायचा, म्हणजे सीट खाली जाते पण खालचा पत्रा टोचत नाही, एवढं मला मुलीने दाखवलेल्या व्हिडिओवरून कळलं होतं. फोमवाला गोंदही देत होता. पिवळा, डब्यातला, झाकण उघडताच डोकं गरगरवणारा. मी डबा परत केला. तो म्हणाला, "मॅडम, इसी से होता है." मी म्हटलं, "मुझे मालूम है कौन सा लगता है."

आता हे मला कसं मालूम होतं ते सांगते. मंडळाच्या गणपतीचं मखर बारा वर्षं माझ्याकडे आहे. थर्माकोलचे खांब, कमानी, महिरपी. एके वर्षी एका उत्साही गृहस्थांनी मला न विचारता असाच पिवळा गोंद आणून एका खांबाला लावला. आमच्या डोळ्यांदेखत तो खांब आतून विरघळला आणि त्याला मुठीएवढं भोक पडलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: मखराला फक्त पांढरा गोंद, आणि तोही भारतातून सुट्टीवरून येताना बॅगेत भरून आणलेला, कारण इथल्या पांढऱ्या गोंदावर कोणाचाच विश्वास नाही. दरवर्षी कोणी ना कोणी साड्यांच्या घडीत तो डबा गुंडाळून आणतं. तेव्हा गोंदाच्या बाबतीत मला कोणी शिकवायची गरज नव्हती. थर्माकोलही पांढरा आणि हलका, फोमही तसाच. पिवळा गोंद एकाला खातो म्हणजे दुसऱ्यालाही खाणार, असा माझा हिशोब.

आमचं घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा मागचा भाग, त्याला गाडी लावायची छोटी शेड आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी तिथे सतरंजी टाकली. सीट काढली, कव्हरच्या पिना उचकटल्या, स्केचपेनने रेघ मारली आणि ब्रेड कापायच्या सुरीने फोम कापला. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मॉम, दॅट्स द ब्रेड नाइफ." मी म्हटलं, "आता फोमची." नवरा एकदाच बाहेर आला, माझ्या हातात हातमोजे दिले आणि आत गेला.

दोन्ही बाजूंना पांढरा गोंद मी इतका सढळ हाताने लावला, की गणपतीला सुद्धा एवढा कधी लावला नसेल. वर कडक फोम ठेवला आणि त्यावर तांदळाची गोणी. दोन दिवस गोणी हलवली नाही. त्या दोन दिवसांत आमच्याकडे पोळ्याच झाल्या.

रविवारी संध्याकाळी कव्हर चढवलं, सीट बसवली आणि गाडीवर बसले. चवड्यांच्या मागेही पाय टेकला. टाच अजून बोटभर वर होती, पण फरक होता. मी आनंदाने दोन गल्ल्या फिरून आले. तिसऱ्या वळणावर माझ्याखाली सीट सरकली. सीट म्हणजे वरचा थर. मी डावीकडे वळत होते आणि बूड उजवीकडे निघालं होतं. कशीबशी घरी आले, कव्हर उघडलं. वरून कोरडा दिसणारा गोंद आत अजून दुधासारखा ओला होता, आणि कडांना जिथे वाळला होता तिथे पापडासारखा कडक होऊन फुटला होता. बारा वर्षांचा माझा अनुभव बोटांना चिकटून निघत होता.

मी मान्य करते, मला रडू आलं. शेडमध्ये सतरंजीवर बसून मी रडले. थकले होते, आणि माझ्याच अतिशहाणपणाची लाज वाटत होती.

त्यात मुलगी फोन घेऊन बाहेर आली. तो तिने माझ्यासमोर धरला. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर माझी निळी गाडी होती. नवऱ्याने पंधरा दिवसांतले सहाच दिवस होऊ दिले होते. फोटो आमच्या शेडमधले, आणि खाली लिहिलं होतं: लेडी ड्रिव्हन, व्हेरी लेस यूज्ड.

इथे गाड्या विकताना असं लिहायची पद्धत आहे. बाईने चालवलेली म्हणजे जपून, थोडी, जवळपासच चालवलेली, असा त्याचा अर्थ, आणि त्याला किंमत जास्त येते. म्हणजे मी चालवू नये म्हणून जी गाडी विकायची, ती मी चालवली म्हणून महाग विकायची. मी तशीच चिकट हातांनी आत गेले.

"हे काय आहे?"

तो लॅपटॉपवरून वर न बघता म्हणाला, "इट्स ओन्ली अ लिस्टिंग. मार्केट बघून ठेवू म्हटलं. शनिवारी एक जण बघायला येतोय."

"पंधरा दिवस म्हणाला होतास."

"शनिवारी बारा होतात. आणि ती सीट तू स्वतःच बघितलीस ना आता?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "अगं, मी रोज साइटवर माणसं पडलेली बघतो. मला घरी फोन यायला नकोय तसा."

त्याची भीती खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीती त्याची आणि गाडी माझी, हे त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, "येऊ दे शनिवारी." आणि हात धुवायला गेले. तो गोंद तीनदा साबण लावल्यावर निघाला.

सोमवारी मी पुन्हा मुसफ्फाला गेले. या वेळी विनंती करायला गेले नव्हते. सीट उस्तादांच्या समोर टेबलावर ठेवली, कव्हर वर केलं आणि तिथली खुर्ची ओढून बसले.

"काटूँगी मैं, चिपकाऊँगी मैं," मी म्हटलं. "आप सिर्फ बताइए. और सीखे बगैर मैं यहाँ से उठनेवाली नहीं हूँ."

उस्तादांनी त्या पांढऱ्या चिखलाला बोट लावलं, वास घेतला आणि इतके हसले की कानावरचा खडू पडला. "यह तो बच्चों की कापी-किताब चिपकाने का है! यह किसने बताया?"

मी थर्माकोलच्या खांबाची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत होते, हसत नव्हते. मग त्यांनी फोमचा एक तुकडा घेतला, त्यावर पिवळ्या गोंदाचा थेंब टाकला आणि माझ्या हातात दिला. आम्ही दोघं बघत राहिलो. फोमला काही झालं नाही. "थर्माकोल को खाता है, सही बात," ते म्हणाले. "इसको नहीं खाता. यह अलग चीज़ है."

मग ते मला गाळ्याच्या मागे घेऊन गेले. तिथे एक पत्रा उन्हात आडवा टाकला होता आणि त्यावर फोमच्या जोड्या ओळीने पडल्या होत्या, दोन-दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले, प्रत्येकावर खडूने खूण. गोंदाचा नवा डबा आला, की उस्ताद त्यातून एक जोडी चिकटवून आठवडाभर त्या पत्र्यावर टाकतात आणि रोज संध्याकाळी ओढून बघतात. डब्यावर काय छापलंय ते ते वाचतही नाहीत. "यहाँ काली सीट दोपहर को तवा बन जाती है," ते म्हणाले. "सस्तावाला सर्दी में पकड़ता है, गर्मी में छोड़ देता है." त्यांनी मला एकेक जोडी ओढायला लावली. पहिली सहज सुटली. दुसरी तारा सोडत सुटली. तिसरी मी दोन्ही हातांनी ओढली तेव्हा फोमच फाटला, गोंद तसाच राहिला. "यह," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तोच डबा काढला.

पण आधी माझा पांढरा गोंद काढायला हवा होता. त्याच्यावर दुसरं काहीच धरणार नव्हतं. "जितना सफेद है, उतना काटना पड़ेगा," उस्ताद म्हणाले. म्हणजे आणखी बोटभर फोम जाणार. आणि एकदा कापलेला फोम परत येत नाही. हात थांबला, तसे ते म्हणाले, "बाजी, बैठेगा कौन?"

"मैं."

"तो फिर काटो."

मी कापला. त्यांची सुरी लांब आणि पातळ होती, साबणाच्या पाण्यात बुडवून चालवायची, म्हणजे फोम ओढला जात नाही. कापून झाल्यावर त्यांनी मला नुसत्या फोमवर बसवलं आणि विचारलं, "कहाँ चुभता है?" मी डाव्या बाजूला हात दाखवला. त्यांनी तिथे खडूने गोल काढला. दोन महिन्यांत माझ्या या गाडीबद्दल सगळ्यांनी मला सगळं सांगितलं होतं. कुठे टोचतं, हे विचारणारा हा पहिला माणूस. तेवढ्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात आधीचं सगळं माफ करून टाकलं.

सुरीबरोबर फोमला लागलेलं साबणाचं पाणी पूर्ण वाळू दिलं. मग गोंद. दोन्ही बाजूंना लावायचा, पातळ, पट्टीने ओढत. पहिला हात फोम पिऊन टाकतो, म्हणून तो वाळल्यावर दुसरा. जिथे हाड टेकतं तिथे गोंदाची जाड रेघ राहू द्यायची नाही, नाहीतर तासाभराने ती जाणवते. आणि मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड. माझा हात लगेच चिकटवायला शिवशिवत होता. उस्ताद म्हणत होते, "सबर." बोटाची मागची बाजू गोंदाला लावायची. चिकट लागलं पाहिजे, पण बोटावर काही येता कामा नये. हिवाळ्यात याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्या दिवशी पाचातच झालं. आणखी थांबलं असतं तर गोंद मेला असता.

"अब एक ही मौका है," ते म्हणाले. "लग गया तो लग गया. सरकाने का नहीं."

तिथे मात्र मी त्यांना एक गोष्ट शिकवली. पर्समध्ये बटर पेपर होता, वड्या थापायला घेतलेला. तो मी दोन थरांच्या मध्ये ठेवला, वरचा फोम नीट रेघेवर जुळवला आणि कागद पुढून थोडा थोडा ओढत दाबत गेले. कागद त्या गोंदाला चिकटत नाही. उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला. "वाह," म्हणाले, आणि उरलेला बटर पेपर मागून घेतला. मग रबरी हातोडीने मी मधून कडेकडे ठोकत गेले. शेवटी त्यांनी थर ओढून पाहिला, सगळा जोर लावून. काही हललं नाही. "खलास," ते म्हणाले. पैसे फक्त गोंदाचे घेतले, मजुरी घ्यायला तयार झाले नाहीत, कारण मजूर मी होते.

मंगळवार ते शुक्रवार मी रोज पहाटे गाडी काढली. वळणं घेतली, उन्हात उभी केली, तापल्या सीटवर बसले. थर जागचा हलला नाही. शुक्रवारी पंपावर जाऊन मुद्दाम त्याच उतारावर थांबले. पाय कसा टेकला, हे मी घरी कोणालाच सांगितलं नाही.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. सहा फुटाच्या आसपासचा, मंगळूरकडचा तरुण इंजिनिअर. सभ्य होता बिचारा. त्याने गाडी पाहिली, टायर पाहिले आणि सीटवर बसला. त्याचे गुडघे पेट्रोलच्या टाकीच्या वर आले. तो उठला, पुन्हा बसला.

"सर, सीट किसने काटा है?"

"चेंज हो जाएगा," नवरा घाईने म्हणाला. "ओरिजिनल सीट मिल जाएगा मार्केट में. प्राइस में अ‍ॅडजस्ट कर लेंगे."

"मैंने काटा है," मी म्हटलं. "और गाडी बेचनी नहीं है. आपको तकलीफ दी, सॉरी."

तो तरुण आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे बघायला लागला. नवऱ्याचा चेहरा पडला, पण तो चिडला नाही. तो आत गेला आणि त्याची साइटवरची स्टीलची पट्टी घेऊन आला. "ओके," तो मराठीत माझ्याशी बोलायला लागला. "फेअर इनफ. बस. टाच बघू. टेकली तर विषय संपला, आय प्रॉमिस."

मी हेल्मेट चढवलं आणि बसले. तो माझ्या बुटाशी गुडघे टेकून वाकला, पट्टीचं टोक टाचेखाली सारायला. वरून मला त्याच्या टाळूवरचे विरळ झालेले केस दिसत होते. माणूस वाईट नाही. मी पडू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि एक क्षण मला वाटलं, बघू दे, टेकलीच आहे, मी जिंकलेच आहे. पण मग पुढच्या वेळीही तो पट्टी घेऊन येणार आणि मी पाय पुढे करणार. बारा दिवसांपूर्वी मी जे "बरं" म्हटलं होतं, ते मला आत्ताच परत घ्यायचं होतं.

"बाजूला हो," मी म्हटलं.

"अगं, मोजू तर दे!"

"मोजायचं होतं ते मी मोजलंय."

मी गाडी सुरू केली. तो पट्टी हातात घेऊन उठला, दोन पावलं मागे सरला. तो तरुण इंजिनिअर कधीच शेडबाहेर जाऊन उभा राहिला होता. कुठे चाललीस, किती वाजता येशील, असं नवऱ्याने विचारलं. लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याचं उत्तर न देता गेटबाहेर पडले.